गिटारचा आवाज : व्हॉल्व्ह की डिजिटल?

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने तळेगाव दाभाडे सोडले, की वडगाव, कान्हे आणि कामशेतनंतर मळवली हे छोटे स्थानक लागते. कार्ले-भाजे लेण्यांसाठी परिचित असलेल्या याच मळवलीत १९७१ साली 'स्नेहयात्रा' नावाचा रॉक संगीताचा महोत्सव भरला होता. अमेरिकेत १९६९ मध्ये झालेल्या वुडस्टॉक महोत्सवाचे वारे तेव्हा भारतीय तरुणाईपर्यंत पोहोचले होते. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटातील 'दम मारो दम'मुळे भूपिंदर सिंग यांची गिटार घरोघरच्या रेडिओवर ऐकू येऊ लागली होती. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज वाढवण्यासाठी त्या काळी जगभर प्रामुख्याने काचेच्या व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर वापरले जात. आज अर्धशतकानंतर तळेगावच्या एखाद्या सदनिकेत बसलेला गिटारवादक हाताच्या पंजाएवढ्या डिजिटल उपकरणातून, कानाला हेडफोन लावून, तोच आवाज मिळवू पाहतो. तो आवाज खरोखर 'तोच' असतो का, हा गिटारवादकांमधील जुना आणि न मिटलेला वाद आहे.

व्हॉल्व्हचे कार्य

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेले 'पिकअप' बसवलेले असते. तार छेडली की वेटोळ्यात अतिशय क्षीण विद्युत संकेत निर्माण होतो. हा संकेत लाऊडस्पीकर हलवण्याइतका सशक्त करणे, हे अॅम्प्लिफायरचे काम.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची निर्वात नलिका तयार केली. १९०६ मध्ये अमेरिकेतील ली द फॉरेस्ट यांनी तीत तारेची जाळी बसवून तिसऱ्या अग्राची भर घातली आणि संकेत वाढवण्याचे साधन माणसाच्या हाती आले. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात व धनाग्राकडे धाव घेतात. वाटेतील जाळीवर दिलेला लहानसा संकेत या मोठ्या प्रवाहाला आवर घालतो किंवा मोकळे सोडतो. जुन्या रेडिओतील 'व्हॉल्व्ह' तो हाच. बटण फिरवल्यानंतर रेडिओ बोलू लागण्यास जो वेळ लागत असे, तो हे ऋणाग्र तापण्याचा.

इलेक्ट्रिक गिटार आणि व्हॉल्व्ह यांची सांगड १९३० च्या दशकात पडली. अमेरिकेतील रिकनबॅकर यांची १९३२ मध्ये बाजारात आलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याची, हवाईयन पद्धतीची होती. याच जातीच्या गिटारवर मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धून वाजवल्या आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकांनी भारतीय श्रोत्यांना विजेवरच्या गिटारची ओळख करून दिली.

दोषाचा झाला गुण

मूळ संकेतात काहीही न मिसळता तो केवळ मोठा करणे, हेच अभियंत्यांच्या दृष्टीने अॅम्प्लिफायरचे आदर्श रूप. प्रत्यक्षात व्हॉल्व्हची क्षमता संपत आली की संकेताच्या लहरींचे माथे चपटे होऊ लागतात. हे चपटे होणे अचानक न घडता टप्प्याटप्प्याने घडते. त्यातून मूळ स्वरात नसलेले उपस्वर मिसळतात आणि आवाज भरदार, किंचित खरखरीत होतो. जोरात छेडलेला स्वर दाबला जातो, तर विरत जाणारा स्वर अधिक काळ रेंगाळतो. वीजपुरवठ्याचा भागही व्हॉल्व्हवर चालणारा असेल, तर जोराच्या आघाताबरोबर दाब क्षणभर खाली येतो आणि पुन्हा सावरतो. त्यामुळे स्वर फुलत गेल्यासारखा वाटतो. तंत्राच्या भाषेत हे सर्व दोषच. पण गिटारवादकांना त्यात मानवी कंठाचा भास झाला आणि त्यांनी तो दोष मुद्दाम जोपासला.

या वाटचालीतील काही टप्पे प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतील फेंडर कंपनीचा 'बासमन' हा अॅम्प्लिफायर खरे तर बास गिटारसाठी होता. त्याच्या १९५० च्या दशकाअखेरच्या आवृत्तीचे मंडल समोर ठेवून जिम मार्शल यांच्या लंडनमधील दुकानात १९६२ मध्ये पहिला मार्शल अॅम्प्लिफायर तयार झाला. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या 'ब्लूजब्रेकर्स'बरोबर ध्वनिमुद्रण करताना एरिक क्लॅप्टन यांनी मार्शलचा आवाज स्टुडिओच्या रिवाजापलीकडे वाढवून वाजवला आणि तो सूर पुढच्या पिढ्यांसाठी मानदंड ठरला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी यांच्या 'क्वीन' या वाद्यवृंदातील ब्रायन मे यांची गिटार प्रामुख्याने 'व्हॉक्स एसी ३०' या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमधून बोलते.

या सुराची अट मात्र एकच होती: आवाज मोठा हवा. व्हॉल्व्ह मर्यादेपर्यंत ताणला जाईल तेव्हाच तो आवाज मिळे, आणि तेवढ्या आवाजाने खिडक्यांची तावदाने थरथरत.

ट्रान्झिस्टरचा अनुभव

१९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. तो लहान, स्वस्त आणि थंड राहणारा असल्याने रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले आणि लगोलग ट्रान्झिस्टरही बनवायला घेतले, यावरून या बदलाचा वेग लक्षात यावा. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या दशकांत परदेशी गिटार अॅम्प्लिफायर भारतीय वादकांना दुर्मीळच होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे हात आणि देशी व्हॉल्व्ह यांच्यावर बरीच भिस्त होती.

गिटारच्या बाबतीत ट्रान्झिस्टरचे स्वागत थंडे झाले. मर्यादा ओलांडताच तो लहरीचा माथा सुरीने कापावा तसा छाटतो आणि कर्कश उपस्वर निर्माण करतो. तथापि हा निर्णय सरसकट नाही. रोलँड कंपनीचा १९७५ मध्ये आलेला 'जेसी १२०' हा ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर नितळ आवाजासाठी आजही नावाजला जातो. 'क्वीन'च्याच काही ध्वनिमुद्रणांत जॉन डीकन यांनी टाकून दिलेल्या मंडलापासून बनवलेला लहानसा जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर वापरला गेला आहे. आवाजाचे श्रेय केवळ काचेच्या नळीला देता येत नाही; मंडलाची रचना, ट्रान्सफॉर्मर, लाऊडस्पीकर आणि त्याची लाकडी पेटी यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

नकलेचे शास्त्र

डिजिटल पद्धतीत गिटारचा संकेत दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजून आकड्यांत रूपांतरित केला जातो. व्हॉल्व्हने त्या संकेताचे काय केले असते, याचे गणित संगणकीय चिप करते आणि उत्तराचे पुन्हा विद्युत संकेतात रूपांतर होते. १९९८ मध्ये 'लाइन ६' कंपनीच्या 'पॉड' या लालचुटूक उपकरणाने ही कल्पना सामान्य वादकाच्या टेबलावर आणली. पुढे २००६ मध्ये 'अॅक्स-एफएक्स' आणि २०११ मध्ये जर्मनीचा 'केम्पर प्रोफायलर' आला. केम्परची पद्धत वेगळी होती: प्रत्यक्ष अॅम्प्लिफायरमधून चाचणीचे संकेत पाठवून, बाहेर पडणाऱ्या आवाजावरून त्याचे 'चित्र' टिपायचे. अलीकडे या कामासाठी न्यूरल नेटवर्क वापरले जाते. अॅम्प्लिफायरमध्ये काय शिरले आणि काय बाहेर पडले, याचे ध्वनिमुद्रण देऊन संगणकाला ते नाते शिकवले जाते. हे काम करणाऱ्या काही प्रणाली विनामूल्यही उपलब्ध आहेत.

मोठ्या व्यासपीठांवरही हे तंत्र रुळले आहे. 'मेटालिका' या अमेरिकी वाद्यवृंदाने ८ डिसेंबर २०१३ रोजी अंटार्क्टिकातील अर्जेंटिनाच्या संशोधन केंद्रावर कार्यक्रम केला, तेव्हा पर्यावरणाला बाधा नको म्हणून लाऊडस्पीकर ठेवलेच नव्हते; श्रोत्यांनी ते संगीत हेडफोनवर ऐकले.

डिजिटलच्याही मर्यादा आहेत. गणितात निर्माण झालेले अतिउच्च उपस्वर मोजणीच्या मर्यादेबाहेर गेले, तर ते परावर्तित होऊन बेसूर खाली उतरतात. ते टाळण्यासाठी मोजणीचा वेग आतल्या आत अनेक पटींनी वाढवावा लागतो. गणिताला लागणारा वेळ हा दुसरा आक्षेप. मात्र ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तीन मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे लाऊडस्पीकरपासून मीटरभर दूर उभे राहण्यासारखेच. चांगल्या उपकरणात हा आक्षेप फारसा उरत नाही.

कानाची परीक्षा

दोहोंची तुलना करताना होणारी मोठी चूक म्हणजे आवाजाची पातळी समान न ठेवणे. किंचित मोठा आवाज माणसाच्या कानाला नेहमीच सरस वाटतो. पातळी समान ठेवून आणि उपकरण झाकून ऐकवले, तर ध्वनिमुद्रित गिटार व्हॉल्व्हची की डिजिटल, हे ओळखणे आज जाणकारांनाही अवघड जाते.

मग वाद कशाचा? तो ऐकण्यापेक्षा वाजवण्याचा अधिक आहे. डिजिटल उपकरण सहसा मायक्रोफोनने टिपलेल्या अॅम्प्लिफायरची नक्कल करते. खोलीत शेजारी उभ्या असलेल्या अॅम्प्लिफायरची नव्हे. बारा इंची लाऊडस्पीकरने ढकललेली हवा अंगावर येते, गिटारच्या तारांनाही पुन्हा कंपित करते आणि स्वर संपता संपता उचलून धरते. हेडफोनमध्ये हा संवाद तुटतो. गिटारच्या लाऊडस्पीकरला जोडल्यास डिजिटल उपकरणातही तो बराचसा परत येतो.

घर, वीज आणि पाऊस

कोणता पर्याय निवडावा, हे बऱ्याचदा कानापेक्षा परिसर ठरवतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तळेगावसारख्या, औद्योगिक वसाहत आणि गृहसंकुलांनी भरत चाललेल्या गावात पन्नास वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर त्याच्या खऱ्या सुरात वाजवणे शेजारधर्माला धरून होणार नाही. शंभरऐवजी पन्नास वॅटचा घेऊनही उपयोग नाही. शक्ती निम्मी केल्यास पातळी केवळ तीन डेसिबलने उतरते. सूर आणि मोठा आवाज यांची जुनी गाठ डिजिटलने सोडवली, हेच त्याचे सर्वांत मोठे कर्तृत्व. हेडफोन वापरणाऱ्यांनीही कान जपले पाहिजेत: ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित मानला, तर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते.

जुना अॅम्प्लिफायर परदेशातून आणणाऱ्यांनी वीजपुरवठाही तपासावा. अमेरिकी यंत्रे सुमारे ११७ व्होल्टवर चालण्यासाठी बनलेली असतात. आपल्याकडील २३० व्होल्टवर ती थेट जोडली, तर क्षणात जळतात. मावळातील पावसाळी दमट हवेत जुन्या कार्बनच्या रोधांत ओल शिरून चरचर सुरू होते आणि लाऊडस्पीकरचा कागद सैल पडतो. सर्वांत गंभीर बाब म्हणजे आतील ४०० व्होल्टच्या घरातील दाब. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकून राहतो आणि जीवघेणा ठरू शकतो. माहितगार तंत्रज्ञाशिवाय असे यंत्र उघडू नये.

टिकण्याचा प्रश्न

व्हॉल्व्ह झिजतात. शेवटच्या टप्प्यातील शक्तिशाली व्हॉल्व्ह नियमित वापरात काही वर्षांत बदलावे लागतात, आणि गिटारसाठीचे व्हॉल्व्ह आज प्रामुख्याने स्लोव्हाकिया, रशिया व चीन या तीनच देशांत बनतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा त्यांच्या किमती जगभर चढल्या होत्या. तरीही साठ वर्षांपूर्वीचा अॅम्प्लिफायर सोल्डरिंगची सळई आणि मंडलाचा नकाशा यांच्या बळावर आजही दुरुस्त होतो. डिजिटल उपकरणाचे तसे नाही. त्याची चिप बाजारातून गेली किंवा कंपनीने प्रणाली अद्ययावत करणे थांबवले, की चांगले चालणारे यंत्रही निकामी होऊ शकते.

तळेगावला या संदर्भात एक जुनी आठवण आहे. ली द फॉरेस्ट यांच्या नलिकेनंतर दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये, येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा जमवण्याची कल्पना मांडली आणि लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या कारखान्याचा हेतू काचेच्या वस्तू बनवण्यापुरता नव्हता. काचेचे काम जाणणारे भारतीय कारागीर घडवणे हाही होता. विद्या हातात राहिली तरच उद्योग राहतो, हे त्यामागचे सूत्र.

व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला आज तेच लागू पडते. डिजिटल उपकरण जो आवाज देते, तो कोणत्या तरी खऱ्या अॅम्प्लिफायरचा टिपलेला आवाज असतो. नवे चित्र टिपायचे, तर मूळ यंत्र चालू स्थितीत हवे आणि ते चालू ठेवणारा कारागीरही हवा. सरावाला, ध्वनिमुद्रणाला आणि गृहसंकुलातील घराला डिजिटल पुरेसे आहे; नवशिक्याने कर्ज काढून जुना अॅम्प्लिफायर घेण्याचे कारण नाही. मात्र ज्याच्याकडे वडिलांच्या किंवा काकांच्या काळातील असे यंत्र माळ्यावर पडून असेल, त्याने ते भंगारात घालण्यापूर्वी एकदा जाणत्या तंत्रज्ञाला दाखवावे. नक्कल कितीही उत्तम झाली, तरी पडताळा पाहण्यासाठी अस्सल जागेवर असावे लागते.