वर्गणीची वही आणि सुरांचा प्रवास

मंडळी, गाण्याचा इतिहास सांगायला बसलो की आपण घराण्यांची नावं घेतो, रागांची घेतो, गाजलेल्या मैफलींची घेतो. पण त्या मैफलीची सतरंजी कोणी घातली, बुवांना स्टेशनवरून कोणी आणलं, आणि हिशोबात कमी पडलेले पैसे शेवटी कोणाच्या खिशातून गेले, हे फारसं कुठे लिहिलेलं सापडत नाही. मी आमच्या मंडळाच्या कार्यक्रम समितीत बरीच वर्षं घालवल्यामुळे असेल कदाचित, पण माझं लक्ष हमखास तिकडेच जातं.

यंदा हा विषय मनात घोळायला एक कारणही घडलं. मंडळाच्या बैठकीत असा प्रस्ताव आला की, घरगुती बैठकींसाठी बाजूला ठेवलेला संगीत निधी बंद करून ते पैसे दिवाळीच्या मोठ्या कार्यक्रमात घालावेत. बैठकींना माणसं तीस-चाळीस येतात, मोठ्या कार्यक्रमाला चारशे येतात, हा साधा हिशोब. प्रस्ताव मांडणारी मंडळी तरुण आहेत, कष्टाळू आहेत, आणि त्यांचं गणित चुकीचं नाही. निर्णय वार्षिक सभेवर सोपवला आहे. तोपर्यंत, सातासमुद्रापलीकडे आपलं संगीत कोणाच्या आधाराने टिकलं आणि कुठे टिकलं नाही, याचा मागोवा घ्यावा, म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात करू या बडोद्यापासून. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली. त्यांचे नातू इनायत खान याच वातावरणात वाढले. १३ सप्टेंबर १९१० रोजी भाऊ आणि चुलतभावासह ते मुंबईहून बोटीने निघाले आणि अमेरिकेला आले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी व्याख्यान दिलं. रूथ सेंट डेनिस या प्रसिद्ध नर्तिकेच्या दौऱ्यात साथसंगत केली. पण १९१२ साली ते युरोपला गेले, पुढे सूफी गुरू म्हणूनच जगाला माहीत झाले आणि गाणं-वाजवणं मागे पडलं. ऐकणाऱ्यांना त्यांच्या संगीताचं नवल वाटलं असेल, पण मागे राहून ते शिकवील असा शिष्य नव्हता आणि शिष्य बसतील अशी जागाही नव्हती. पाहुणा आला, वाहवा मिळाली, पाहुणा गेला.

याच काळात तिकडे हिंदुस्थानात आपला एक मराठी माणूस नेमक्या याच प्रश्नाशी झुंजत होता. कुरुंदवाडला जन्मलेले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर. संस्थानिकांच्या मर्जीवर गवयाने जगायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, ते लोकांच्या देणग्यांवर आणि तिकीट लावून केलेल्या जलशांच्या उत्पन्नावर. उपदेशक वर्गातल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोयही विद्यालयच करी. १९०८ मध्ये ते मुंबईला आले, मोठी इमारत उभी केली, आणि त्या इमारतीच्या कर्जानेच विद्यालयाचा घात केला. धनकोंनी इमारत लिलावात काढली. १९३१ मध्ये पंडितजी मिरजेत वारले.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण संपली नाही. इमारत गेली तरी शिष्य होते. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर, अशी नुसती नावं घेतली तरी पुरे. याच शिष्यपरिवाराने १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. त्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांना आज अमेरिकेतली आपली मुलंही बसतात. शनिवारी सकाळी सॉकर, दुपारी यमनचे आलाप, आणि वर्षाखेरीला गांधर्वचं सर्टिफिकेट! लाहोरला लावलेल्या रोपट्याची फांदी कुठवर आली बघा.

पंडितजींचे आणखी एक शिष्य होते, विष्णुदास शिराळी. उदयशंकर यांच्या नृत्यपथकाचं संगीत त्यांनी सांभाळलं. १९३० च्या दशकात हे पथक अमेरिकेत गावोगाव फिरलं आणि १९३७ मध्ये व्हिक्टर कंपनीने त्यांच्या वाद्यवृंदाच्या तबकड्याही काढल्या. म्हणजे आपण ‘अमेरिकेत भारतीय संगीत रविशंकरांनी आणलं’ असं म्हणतो, त्याच्या कितीतरी आधी पलुसकरांचा शिष्य इथल्या रंगमंचावर बसून गेला होता. स्वतः रविशंकर तेव्हा त्याच पथकातले एक पोरसवदा कलाकार होते.

पुढचा टप्पा १९५५ चा. व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांच्या पुढाकाराने उस्ताद अली अकबर खान न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये वाजवायला आले. तबल्यावर चतुरलाल, तंबोऱ्यावर शिरीष गोर. त्याच भेटीत निघालेल्या रेकॉर्डवर प्रस्तावना मेनुहिन यांनी स्वतःच्या आवाजात केली. खाँसाहेबांचं कौतुक झालं, पण या वेळी गोष्ट कौतुकावर थांबली नाही. वृत्तपत्र व्यवसायातल्या स्क्रिप्स घराण्यातले सॅम्युएल आणि त्यांच्या पत्नी लुईस यांनी १९६३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पूर्वेकडच्या कलांसाठी एक संस्था काढली. १९६५ मध्ये त्यांनी खाँसाहेबांना उन्हाळी वर्गात शिकवायला बोलावलं. त्यातूनच १९६७ साली बर्कलीत अली अकबर कॉलेज ऑफ म्युझिक उभं राहिलं. वर्षभरात ते मरीन काउंटीत गेलं, आणि खाँसाहेबांनी २००९ मध्ये देह ठेवेपर्यंत तिथे विद्यादान केलं. आपल्या मुंबईचे झाकीर हुसेनही तरुणपणी तिथे शिकवत आणि पुढे त्याच परिसरात स्थायिक झाले.

१९१० आणि १९६७ यांत फरक काय पडला? कलावंत दोन्ही वेळी अव्वल होते. पण १९६७ मध्ये जागा होती, फी भरणारे विद्यार्थी होते, आणि पहिली काही वर्षं तोटा सोसणारा यजमान होता. रसिकांच्या वाहवेला या तीन गोष्टींची जोड मिळाली की पाहुण्याचं बिऱ्हाड होतं.

आता आपल्याकडे येऊ. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने दार उघडलं आणि आपली मराठी मंडळी इथे येऊ लागली. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं आणि त्याचं पहिलं अधिवेशन १९८४ साली शिकागोत भरलं. त्याच वर्षी मी एक सूटकेस आणि एक कॅसेट प्लेअर घेऊन अमेरिकेत उतरलो.

त्या काळातल्या बैठकी ज्यांनी अनुभवल्या त्यांना वेगळं सांगायला नको. कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये पांढऱ्या चादरी अंथरायच्या. फर्नेसची घरघर ऐकू येऊ नये म्हणून गाणं सुरू होताना हीट बंद करायची, आणि मध्यंतरात सगळे गारठले की पुन्हा लावायची. हिवाळ्यात हीटिंगच्या कोरड्या हवेने तबल्याची पुडी ताणून स्वर चढायचा, म्हणून तबल्याशेजारी ह्युमिडिफायर. साथीला आमच्यातलाच एक इंजिनियर, सोलापुरात शिकलेला. दिवसभर ऑफिस करून दीड तास ड्राइव्ह करून यायचा आणि मानधनाचं पाकीट परत करायचा. जेवण पॉटलक. पुलाव तीन घरांतून, कोशिंबीर एकीकडून. दारात एक बूट-चपलांचा ढीग आणि एका डब्यात पाच-पाच, दहा-दहा डॉलर्सच्या नोटा. रात्री हिशोब करताना चाळीस-पन्नास डॉलर कमीच यायचे. यजमानीणबाई म्हणायच्या, “राहू दे हो, बुवांचा मुक्काम आमच्याकडेच होता ना!” आणि वही मिटायची.

हे सगळं हौसेने चाललं तरी त्यामागे चोख व्यवस्था होती, आणि आजही आहे. कलाकार एका गावासाठी येत नाही. दहा-पंधरा गावांनी शनिवार-रविवार वाटून घेतले तर विमानभाडं विभागलं जातं. व्हिसा बहुधा ‘पी-३’ प्रकारचा, १९९० च्या कायद्याने वेगळ्या सांस्कृतिक परंपरेच्या कलाकारांसाठी केलेला. त्यासाठी इथल्या संस्थेला अर्ज करावा लागतो. दौऱ्याचं वेळापत्रक, कलेच्या वेगळेपणाबद्दल जाणकारांची पत्रं, कामगार संघटनेचा अभिप्राय, आणि मग मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. या अर्जाची मूळ फी आधी ४६० डॉलर होती. १ एप्रिल २०२४ पासून ती १,०१५ झाली, आणि ना-नफा संस्थांना ५१० ठेवली. म्हणजे रजिस्टर्ड मंडळ मागे उभं राहिलं तर अर्ध्या फीत काम होतं. एखादा होतकरू गवई, ज्याचं नाव अजून झालेलं नाही, तो अमेरिकेत येऊ शकतो की नाही, हे पुष्कळदा अशा एका अर्जावर आणि दहा बेसमेंटांवर ठरतं. चारशे माणसांचा हॉल त्याला कोण देणार? त्याला तीस-चाळीस माणसांचीच बैठक हवी.

आणि लहान सुरुवातीला हसू नये. क्लीव्हलंडचा त्यागराज आराधना उत्सव १९७८ मध्ये एका चर्चच्या तळघरात सुरू झाला. आपल्या दाक्षिणात्य बांधवांनी तो दरवर्षी नेटाने केला, मुलांच्या स्पर्धा लावल्या, भारतातून गुरू आणले. आज भारताबाहेरच्या कर्नाटक संगीताच्या सर्वांत मोठ्या उत्सवांत त्याची गणना होते. पहिल्या वर्षीच ‘माणसं किती आली?’ म्हणून वही मिटली असती तर?

एका गोष्टीकडे मात्र आपलं दुर्लक्ष झालं आहे. आपण तिकडून इकडे आणतो. इकडून तिकडे काय जातं?

याचं एक उत्तम उदाहरण पुण्यातच आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बायका आणि एक लाखाहून जास्त ओव्या! बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकाने त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या आणि कॉम्प्युटरवर त्यांची सूची बांधली. कामाला युनेस्कोची आणि युरोपातल्या संस्थांची मदत झाली. गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. पुढे पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ने तो सगळा ठेवा आपल्याकडे घेतला आणि आता तो जगात कुठेही बसून ऐकता येतो.

अमेरिकेचा धागाही इथे जुळतो. अमेरिकन विद्यापीठांनी मिळून १९६१ मध्ये स्थापन केलेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं भारतातलं पहिलं बिऱ्हाड पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होतं. याच संस्थेने १९८२ मध्ये पुण्यात संगीताचं संग्रहालय काढलं, जे नंतर दिल्लीकडे, गुडगावला गेलं. परदेशी अभ्यासकांनी भारतात रेकॉर्ड करून आपल्या देशी नेलेलं संगीत परत भारतात ऐकायला मिळावं, हा त्यामागचा एक हेतू. जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिफितीही तिथे जपल्या आहेत. जातं थांबलं, पिठाची गिरणी आली, पण मुळशी-मावळातल्या बाईचा आवाज राहिला, कारण वेळेवर कोणीतरी टेपरेकॉर्डर घेऊन गेलं आणि त्या टेपचा खर्च कोणीतरी उचलला.

म्हणून वार्षिक सभेत मी तीन गोष्टी सुचवणार आहे. एक, संगीत निधी बंद करू नये. वर्षाला निदान दोन बैठकी नव्या, नाव न झालेल्या कलाकारांच्या कराव्यात आणि त्यांतल्या एकीत आधी आपल्या गांधर्वच्या मुलांना वीस मिनिटं द्यावीत. दोन, मोठ्या कार्यक्रमाच्या दर तिकिटामागे एक डॉलर महाराष्ट्रातल्या लोकसंगीताच्या जतनासाठी वेगळा काढावा. चारशे तिकिटांचे चारशे डॉलर. फार नाहीत, पण एखाद्या शाहिराच्या किंवा गोंधळ्याच्या घरी जाऊन चांगलं ध्वनिमुद्रण करायला उपयोगी पडतील. तीन, याला तर पैसाही लागत नाही. दर उन्हाळ्यात आपल्याकडे आई-वडील, सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतात. कितीतरी आज्यांना ओव्या, भोंडल्याची गाणी, पाळणे पाठ आहेत. दुपारी घरात एकट्या बसलेल्या असतात. नातवंडांच्या हातात फोन आहेच. आजीला गायला लावा, रेकॉर्ड करा, आणि सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि हे गाणं तिला कोणी शिकवलं, एवढं तिच्याच तोंडून वदवून घ्या. मंडळाने ते एके ठिकाणी नीट सांभाळायचं.

सभा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आहे. थंडी असेल, पण या. वर्गणीची वही मी घेऊन येतोच आहे. दिवाळीच्या सर्वांना हार्दिक शुभेच्छा!