औरंगाबादची नभोवाणी

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं हिंदुस्थान स्वतंत्र झाला, त्या दिवशीं आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशांत नभोवाणीचीं केंद्रें दोनच होतीं. एक मुंबईचें, आणि दुसरें पुण्याचें नव्हे, नागपूरचेंहि नव्हे, तर औरंगाबादचें. नागपूरचें केंद्र १९४८ च्या जुलैंत निघालें. विद्येचें माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यास तर १९५३ पर्यंत थांबावें लागलें. आज छत्रपति संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरास हा मान कसा लाभला, व तो टिकला कां नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

मुंबईचें केंद्र एका खाजगी कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं सुरू केलें. तीन वर्षांच्या आंतच ती कंपनी बुडाली, सरकारनें तें काम आपल्या हातीं घेतलें, आणि १९३६ सालीं त्या खात्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. संस्थानांची गोष्ट निराळी होती. निजाम सरकारनें हैदराबादचें एक लहानसें खाजगी केंद्र १९३५ सालीं ताब्यांत घेतलें, व पुढें औरंगाबादेसहि दुसरें केंद्र काढलें. स्वातंत्र्याच्या वेळीं म्हैसूर, बडोदें, त्रिवेंद्रम, हैदराबाद व औरंगाबाद अशीं पांच केंद्रें संस्थानांकडे होतीं; त्यांपैकीं दोन एकट्या निजामाचीं.

त्या राज्यांत प्रजेची भाषा मुख्यतः तेलुगु, मराठी व कानडी. मराठी बोलणारे सुमारें एक चतुर्थांश. राज्यकारभार मात्र उर्दूंत चाले, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणहि उर्दूंतूनच होई. अशा राज्यांत नभोवाणी हें नुसतें करमणुकीचें साधन राहत नाहीं. सभेस बंदी घालतां येते, वर्तमानपत्र नाक्यावर अडवितां येतें. परंतु हवेंतून येणाऱ्या ध्वनीस नाकें नसतें. दरबारचें केंद्र दरबारची बाजू मांडी, आणि रात्रीं त्याच पेटीची कळ फिरविली कीं मुंबईची मराठी कानीं पडे. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा संस्थानांत शिरल्या. १७ तारखेस सायंकाळीं खुद्द निजाम मीर उस्मान अली खान यांनीं हैदराबादच्या नभोवाणीवरून शस्त्रसंधि जाहीर केला. राजवटीचा शेवट सांगण्यासहि तेंच यंत्र कामीं आलें.

१ एप्रिल १९५० रोजीं हैदराबाद व औरंगाबाद हीं दोन्ही केंद्रें ऑल इंडिया रेडिओंत सामील झालीं. परंतु पुढें थोड्याच वर्षांत औरंगाबादचें केंद्र बंद पडलें. त्याची झळ किती लागली हें समजण्यास केंद्राचा दिवस कसा बांधलेला असतो तें ध्यानांत घेतलें पाहिजे. दिवसाच्या तीन सभा असत. सकाळीं भक्तिगीतें व बातम्या. दुपारीं स्त्रिया, विद्यार्थी व कामगार यांच्यासाठीं कार्यक्रम. सायंकाळीं शेतकऱ्यांसाठीं माहिती, आणि रात्रीं नभोनाट्य, भाषणें व शास्त्रीय गायन. या कार्यक्रमांच्या मध्यम लांबीच्या लहरी दिवसां वातावरणाच्या वरच्या एका थरांत शोषल्या जातात. सूर्यास्तानंतर त्याहून उंच थरावरून परतून त्या शेंकडों मैल जातात. मुंबई येथून सुमारें दोनशें मैल. तेव्हां रात्रीचें गायन स्पष्ट ऐकूं आलें तरी दुपारची सभा क्षीण होई. म्हणजे ज्या गृहिणीसाठीं वा शाळेसाठीं ती योजलेली, त्यांच्याच वाट्याला खरखर येई. शेतीचा सल्ला नीट ऐकूं आला तरी कोंकणच्या भाताची निगा ऐकून मराठवाड्याच्या ज्वारी-कापसाचें काय भलें होणार?

मराठवाड्यांत पुन्हां केंद्र आलें तें १९६८ सालीं, परभणीस. त्यानंतर चारच वर्षांनीं, १९७२ च्या दुष्काळांत, जवळच्या केंद्राची गरज अधिकच पटली असली पाहिजे. औरंगाबादेस स्वतःचें केंद्र पुन्हां मिळालें १९७६ सालीं.

निजामी अंमलांत या शहरास केंद्र होतें, पण राज्याची भाषा लोकांची नव्हती. स्वराज्यांत लोकांच्या भाषेस मान मिळाला, तों केंद्रच गेलें. आपलें केंद्र आणि आपली भाषा यांची गांठ पडण्यास स्वातंत्र्यानंतरहि जवळजवळ तीस वर्षें जावीं लागलीं.