सोंग नाचवण्याची रीत : नाशिकच्या पश्चिम पट्ट्यातील बोहाडा

संगणकाच्या जाळ्यावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य खेळांत खेळणारा योद्धा, मांत्रिक किंवा वैदू असे एखादे रूप घेऊन असंख्य अनोळखी लोकांबरोबर एका कल्पित प्रदेशात वावरतो, आणि या रूपाला जगभर 'अवतार' असेच म्हटले जाते. रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा' मालिकेतील चौथ्या खेळाच्या नावात हा शब्द १९८५ मध्ये आला आणि लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या अनेकांनी एकत्र खेळायच्या खेळाने तो पुढे रुळवला. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी कागद, पेन्सिल व फासे यांवर बेतलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, तेव्हापासून या खेळांत नवख्याला पहिला सल्ला मिळतो तो आपल्या स्वभावाला मानवेल असे रूप निवडण्याचा. ज्या भाषांच्या परंपरेतून 'अवतार' हा शब्द उचलला गेला, तिथे मात्र रूप घेण्याचा रिवाज बराचसा उलट होता. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील बोहाड्यात रूप माणसाने निवडायचे नसते; रूप आधीचे असते, माणूस नंतरचा.

बोहाडा हा ग्रामदेवतेचा, बहुतेक ठिकाणी जगदंबेचा, मुखवट्यांचा उत्सव आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे नाशिकचे डोंगराळ तालुके आणि त्यांना लागून असलेले आजच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हा त्याचा मुख्य प्रदेश होय. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा आदिवासी समाजांबरोबर गावातील इतर जातीही त्यात भाग घेतात. उच्चार गावोगाव बदलतो; कुठे भोवाडा, कुठे भवाडा, तर सीमेपलीकडे गुजरातच्या डांग भागातही तो भवाडा या नावाने ओळखला जातो. जव्हार आणि सुरगाणा ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली, पुढे महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले आणि २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. या प्रत्येक वेळी नकाशावरच्या रेषा सरकल्या, पण मुखवट्यांचा प्रदेश या रेषांना फारसा जुमानत नाही. होळीनंतर, शेतीची कामे आटोपून पाऊस लागेपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत, म्हणजे साधारणतः फाल्गुन ते वैशाख या काळात, गावाच्या ऐपतीप्रमाणे काही रात्री तो चालतो.

या उत्सवाची भाषा नीट ऐकली तर त्यामागचा विचार उलगडतो. मुखवट्यासह उभे राहिलेले रूप म्हणजे 'सोंग'. हा शब्द संस्कृत 'स्वांग'शी जोडला जातो आणि मराठीत त्याला दोन तोंडे आहेत : आजाराचे सोंग, झोपेचे सोंग म्हणताना तो फसवणुकीचा होतो, तर देवाचे सोंग म्हणताना तोच पूजेचा विषय बनतो. नाशिकला ही दोन्ही तोंडे परिचयाची असावीत यात नवल नाही, कारण पंचवटीची कथाच मुळी मारीचाने घेतलेल्या सुवर्णमृगाच्या आणि रावणाने घेतलेल्या भिक्षुकाच्या सोंगावर फिरते. बोहाड्यातला रावण मात्र कोणाला फसवत नाही; तो दहा तोंडांसह, वाद्यांच्या गजरात, आपण रावण आहोत हे सांगतच येतो. त्याहून महत्त्वाचे आहे ते क्रियापद. सोंग 'करत' नाहीत, 'नाचवतात'. अमक्याने गणपती नाचवला, तमक्याच्या घरात खंडेराव नाचवायचा मान आहे, अशी वाक्यरचना होते, आणि तिच्यात माणूस नाचवणारा तर देवता नाचणारी असते. अभिनयातील 'पात्र' या शब्दात जसे भांडे दडलेले आहे, तसाच काहीसा भाव इथे आहे : माणसाने आपले शरीर काही काळ रूपाच्या हवाली करायचे असते.

त्यामुळे नवख्याचा प्रवेश हा निवडीचा नव्हे, वारशाचा प्रश्न ठरतो. विशिष्ट सोंग नाचवण्याचा मान विशिष्ट घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो आणि बाप थकला की मुलगा, नाहीतर पुतण्या, तो मुखवटा चढवतो. शिकवणीची लिखित पोथी नसते. लहानपणापासून वर्षानुवर्षे बाजूला उभे राहून पाहणे हीच उमेदवारी. या पाहण्यातून पहिली गोष्ट उमगते ती अशी की सोंगाला बोलायचे फारसे नसते. कथा पुढे जाते ती नाचातून, आणि प्रत्येक सोंगाची चाल ठरलेली असते. इथे चाल या शब्दात पावलांची ढब आणि वाद्यांचा ठेका हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. गणपती ज्या डौलात येतो त्या डौलात वेताळ येऊ शकत नाही, आणि मारुतीच्या उड्या भीमाला शोभत नाहीत. संबळाच्या बदललेल्या ठेक्यावरून आता कोण येणार हे जुन्या प्रेक्षकाला सोंग दिसण्याआधीच कळते, म्हणून नवख्याने पाय शिकण्याआधी कान तयार करावा लागतो.

दुसरी शिकवण मुखवटाच देतो. जुने मुखवटे लाकडात कोरलेले असत. पुढे कागदाच्या लगद्याचे, वजनाला हलके मुखवटे रुळले. लाकडी मुखवटा डोक्याला बांधला की मान सहज वळत नाही, डोळ्यांच्या लहान भोकांतून समोरचा थोडाच भाग दिसतो आणि श्वास आतल्या आत कोंडतो. रावणाच्या दहा तोंडांसारखा मोठा सांगाडा अंगावर असेल तर तोल सांभाळणे हेच मुख्य कौशल्य होऊन बसते. बोहाड्याच्या नाचात एकदम गिरकी घेण्याऐवजी संपूर्ण धडासह वळणे आणि पुढे-मागे झुलत सरकणे एवढे का दिसते, याचे उत्तर भक्तीइतकेच या वजनातही शोधायला हवे. सोंगापुढे मशाली धरणारी माणसे केवळ शोभेसाठी नसतात. ज्याला पायाखालची जमीन दिसत नाही त्याचे डोळे तीच होत. देवीचे किंवा एखाद्या स्त्री-पात्राचे सोंगही परंपरेने पुरुषच घेत आले आहेत, आणि देवीचा मुखवटा चढवणाऱ्याच्या अंगात वारे येते अशी श्रद्धा असल्याने त्याला सांभाळणाऱ्यांची जबाबदारी आणखी वाढते. मुखवटा चढवण्यापूर्वी त्याची पूजा होते.

रात्रीचा क्रमही नवख्याला पाठ असावा लागतो. आरंभी सूत्रधार, गणपती आणि मोरावर बसलेली शारदा यांची सोंगे येतात; मग रामायण, महाभारत व पुराणांतील देव आणि राक्षस, नरसिंह, बकासुर, हिडिंबा, यांच्या जोडीला खंडोबा-वेताळासारखी लोकदैवते अशी रांग लागते, आणि शेवटच्या रात्रीनंतर पहाटे देवी व महिषासुर यांच्या युद्धाने सांगता होते. यात राक्षसाचे सोंग कमी प्रतीचे मानले जात नाही. ज्या घराकडे महिषासुर आहे त्या घराने दरवर्षी मरायचे असते आणि तोही मानच असतो. संगणकाच्या खेळात हरणारी बाजू मानाने पिढ्यान्‌पिढ्या घेणारा खेळाडू सापडणे कठीण.

नाशिक शहरात या वृत्तीचे निराळे रूप धुळवडीला दिसते. ज्या घराण्यांत कोणी पूर्वज वीर म्हणून पुजला जातो, ती घराणी त्याचा टाक, म्हणजे देवाची किंवा पूर्वजाची आकृती उठवलेला धातूचा लहान पत्रा, खोबऱ्याच्या वाटीत ठेवून गोदावरीवर स्नानाला नेतात. टाक हाती धरणाऱ्याला, पुष्कळदा घरातील लहान मुलाला, देवाचा किंवा योद्ध्याचा वेश चढवलेला असतो, आणि क्रियापद पुन्हा तेच : वीर 'नाचवतात'. जुन्या नाशकातील दाजिबा वीर, ज्याला बाशिंगे वीर असेही म्हणतात, हा यांतील सर्वांत मानाचा. अंगाला हळद लागलेली असतानाच त्याला मरण आले अशी आख्यायिका आहे, म्हणून त्याचे सोंग बाशिंग बांधून निघते आणि त्याच्या मिरवणुकीत नवस बोलले व फेडले जातात. बोहाड्यातील सोंगधारी वर्षानुवर्षे पाहून शिकतो. वीराचा वेश घेतलेले पाच-सहा वर्षांचे मूल मात्र काही न शिकताच मिरवणुकीत उतरते, कारण तिथे नाचापेक्षा वंशात असणे हीच पात्रता असते.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण बोहाड्याच्या गावांनाही ठाऊक आहे. मुखवटे रंगवणे, वाजंत्री आणि रात्रभराचा उजेड यांसाठी वर्गणी लागते. मशालींच्या जागी विजेचे दिवे आल्यावर सोय झाली, पण हलत्या ज्योतीत मुखवट्याच्या चेहऱ्यावर जो बदलता भाव दिसत असे तो पांढऱ्या झोतात सपाट झाला. त्याहून मोठा ताण वेळापत्रकाचा आहे. पेठ व सुरगाण्यातील कुटुंबे मजुरीसाठी दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत जातात, आणि द्राक्षांची काढणी नेमकी फाल्गुन-चैत्रापर्यंत लांबते. ज्या मुलाने या महिन्यांत संबळाजवळ उभे राहून चाल पाहायची, तो बागेत आई-बापांबरोबर असतो. आणि त्याच्या घरच्या सोंगाचा मान दुसऱ्या घराकडे सहजासहजी जात नाही, त्यामुळे तो परत येईपर्यंत मुखवट्याला वाट पाहावी लागते.