मनीऑर्डरीचा जिल्हा

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या. राज्याचे प्रमाण होते ९२९. हा स्त्रीसन्मानाचा दाखला मानण्याची घाई अनेकांना होते. परंतु त्याच जिल्ह्यात सहा वर्षांखालील मुली मुलांहून कमीच होत्या. तेव्हा १,१२२ ही खरी नोंद आहे ती परगावी गेलेल्या पुरुषांची.

तिचा आरंभ जुना. १८५६ मध्ये कावसजी दावर यांची गिरणी मुंबईत सुरू झाली. कातळाची शेती आणि खोतीचा जाच यांनी पिचलेला कोकणी माणूस बोटीने मुंबई गाठू लागला. गिरणगावात एकाच गाळ्यात गावचे अनेक गडी पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत. कुटुंब मात्र गावीच राही. शेती बायका कसत आणि तिची तूट मनीऑर्डरीने भरे.

जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या पुढे बंद पडत गेल्या. स्थलांतर थांबले नाही. दरम्यान जिल्हा शिकला, २०११ पर्यंत साक्षरता ८२ टक्क्यांवर गेली. शिक्षणाने कामाचा प्रकार पालटला, वाट तीच राहिली. शिकलेल्यांना सामावून घेईल एवढा रोजगार आंबा, काजू आणि मासळी यांतून उभा राहिला नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तरी २००१ ते २०११ या दशकात लोकसंख्या सुमारे ८० हजारांनी घटली. राज्यात अशी घट आणखी दोनच जिल्ह्यांत झाली: सिंधुदुर्ग, आणि ज्यात गिरणगाव होते तो मुंबई शहर जिल्हा.