धारेच्या चाकाची किंमत

१/९
लाकडाचे कातकाम करणाऱ्या कातारीला आज दुकानात करडी, पांढरी, हिरवी अशी धार लावण्याची चाके मिळतात. कोणत्या पटाशीला कोणते चाक, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील शेफील्ड शहरात मात्र या चाकावर माणसाचे आयुर्मान ठरत असे.

२/९
चाकू, काटे, सुताराच्या व कातारीच्या पटाश्या यांसाठी शेफील्ड जगप्रसिद्ध होते. त्यांना धार लागे ती वाळूच्या दगडाच्या अवजड चाकांवर. कारागीर चाकामागे खोगिरावर बसल्यासारखा बसे आणि पुढे वाकून पाते दगडावर दाबी. फिरते चाक फुटले, तर त्याच्या जिवावर बेतू शके.

३/९
त्याहून घातक होती धूळ. वाळूचा दगड म्हणजे मुख्यतः सिलिका. चाक ओले असेल तर पाण्यामुळे धूळ कमी उडे. काटे मात्र कोरड्या चाकावर घासले जात. ही धूळ फुप्फुसात कायमची रुते. त्या विकाराला आज सिलिकोसिस म्हणतात.

४/९
शेफील्डच्या डॉ. नाइट यांच्या निरीक्षणांच्या आधारे फ्रेडरिक एंगेल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले, की कोरड्या चाकावरील कामगार सरासरी जेमतेम ३५ वर्षे जगतो, ओल्या चाकावरील क्वचितच ४५ च्या पुढे जातो.

५/९
धूळ रोखणारी साधने निघाली होती. पण अनेक कामगारांनीच त्यांना विरोध केला. काम सुरक्षित झाले तर नवे हात येतील आणि मजुरी घसरेल, ही त्यांची भीती. अकाली मृत्यू हाच त्यांच्या मजुरीचा आधार होऊन बसला होता.

६/९
चाकाचा दगडच बदलण्याची वाट अमेरिकेत सापडली. १८९१ मध्ये एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरे घडवू पाहत होता. चिकणमाती व कोक विजेने तापवताना त्याला अतिकठीण स्फटिक मिळाले. ते सिलिकॉन कार्बाइड होते. त्याने नाव दिले ‘कार्बोरंडम’.

७/९
या नावाचा उत्तरार्ध भारतीय आहे. ‘कोरंडम’ हा शब्द तमिळमधून युरोपात गेला. मराठीत तोच ‘कुरुंद’. कुरुंदाची पूड लाखेत बसवून केलेल्या सहाणेवर भारतीय कारागीर पूर्वापार रत्ने घासत. कठीण कण आणि त्यांना धरणारा बंध, हेच आधुनिक चाकाचेही तत्त्व.

८/९
पुढे बॉक्साइट वितळवून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे कृत्रिम कुरुंदच, तयार होऊ लागले. १९०० च्या सुमारास हायस्पीड पोलाद आले आणि नियम ठरला : कठीण पोलादाला मऊ बंधाचे चाक. बोथट कण वेळीच गळतात, नवे धारदार कण उघडे पडतात आणि पाते कमी तापते. म्हणून कातारीच्या हायस्पीड पटाशीसाठी पांढरे चाक. हिरवे सिलिकॉन कार्बाइड टंग्स्टन कार्बाइडच्या टोकांसाठी. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेन्टॉर्फने हिऱ्याखालोखाल कठीण असे क्युबिक बोरॉन नायट्राइड घडवले. त्याचा थर दिलेली पोलादी चाके आज कातारी वापरतात. ती दगडासारखी फुटत नाहीत.

९/९
वाळूचा दगड मागे पडला आणि धार लावणाऱ्याचा मोठा धोका टळला. धूळ मात्र संपली नाही. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांना आजही सिलिकोसिस होतो. त्यांचे चाक आधुनिक आहे. सिलिका आहे ती त्यांच्या हातातल्या अकीकात.