मामाकडून भाच्याकडे: न थांबणाऱ्या रक्ताची गोष्ट

आजचा भाग एका आजाराच्या इतिहासाचा आहे. आजाराचं नाव हिमोफिलिया. जखम झाली की रक्ताची गुठळी धरायला हवी, ती नीट धरत नाही, आणि हे जन्मापासून असतं. मला आहे. ऐकणाऱ्यांपैकी काहींना माहिती आहे, बाकीच्यांना आता कळलं. पण आज विषय मी नाही. हा आजार घराण्यात कसा फिरतो हे माणसाला कसं समजत गेलं, आणि समजेपर्यंत दोष कुणाच्या माथी बसला, त्याबद्दल बोलायचंय.

हिमोफिलिया म्हटलं की पुस्तकं थेट व्हिक्टोरिया राणीच्या वाड्यात शिरतात. तो भाग मी लगेच उरकतो. राणीचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये घसरून पडला आणि त्यातच गेला. मुलींमार्फत आजार युरोपच्या इतर राजघराण्यांत गेला, रशियाच्या झारच्या मुलापर्यंत, तिथून रास्पुतीनची सगळी कथा. २००९ मध्ये त्या झारच्या कुटुंबाच्या हाडांवरून कळलं की त्यांचा प्रकार हिमोफिलिया बी होता. झालं. 'राजांचा आजार' हे नाव मला कधीच पटलं नाही. दर पाच हजार मुलग्यांमागे साधारण एकाला जो होतो, तो राजांचा कसा?

त्याहून कितीतरी जुनी आणि मला जास्त जवळची नोंद ज्यूंच्या तालमुदमध्ये आहे. एका बाईचे दोन मुलगे सुंतेनंतर रक्त जाऊन मेले असतील तर तिसऱ्याची सुंता करू नये, असा नियम तिथे चर्चिला आहे. आणि पुढे चार बहिणींची हकीकत येते. पहिलीचा मुलगा गेला, दुसरीचा गेला, तिसरीचा गेला. चौथी विचारायला आली, तेव्हा धर्मगुरू शिमोन बेन गमलिएल यांनी तिला सांगितलं की करू नकोस. आता बघा, हा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा. जनुक हा शब्द नाही, सूक्ष्मदर्शक नाही. पण बहिणी-बहिणींच्या मुलांमध्ये काहीतरी समान आहे हे त्यांनी पकडलं होतं, आणि त्यावरून त्या बाईला शिक्षा न करता तिच्या पोराला वाचवलं होतं.

आधुनिक वैद्यकाची सुरुवात मात्र वेगळ्या सुरात झाली. १८०३ मध्ये अमेरिकेत जॉन ऑटो नावाच्या डॉक्टरने एका कुटुंबाबद्दल लिहिलं. पुरुषांना रक्तस्रावाचा त्रास, बायकांना नाही, पण आजार पुढे जातो तो बायकांकडून. मूळ शोधत तो गेला सत्तर-ऐंशी वर्षं मागे, न्यू हॅम्पशायरमधल्या स्मिथ नावाच्या एका बाईपर्यंत, आणि तिथे थांबला. तिच्या आईवडिलांचं काय, हा प्रश्नच नाही. १८२८ मध्ये हॉफ नावाच्या जर्मन विद्यार्थ्याच्या प्रबंधात 'हिमोफिलिया' हा शब्द आला. त्याचा अर्थ होतो रक्ताची आवड. इतकं चुकीचं नाव क्वचितच कुठल्या आजाराला मिळालं असेल.

आता हे फिरतं कसं? रक्त गोठणं म्हणजे एकामागून एक बोलावली जाणारी फंक्शन्स समजा. एक प्रथिन जागं झालं की ते पुढच्याला जागं करतं, ते त्याच्या पुढच्याला. ही साखळी १९६४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी मांडली, एकाने तिला धबधबा म्हटलं. या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना रोमन आकडे आहेत. फॅक्टर आठ कमी असेल तर हिमोफिलिया ए, नऊ कमी असेल तर बी. मला ए आहे, तीव्र, म्हणजे फॅक्टर आठ एक टक्क्याहून कमी. सुई टोचली की माणूस मरतो असं काही नसतं बरं का. रक्त जोरात वाहत नाही, जास्त वेळ वाहतं. बोट कापण्यापेक्षा भीती आतल्या रक्तस्रावाची. गुडघा, घोटा, कोपर, पोटरीचे स्नायू, आणि कधी मेंदू.

या दोन्ही फॅक्टरांची जनुकं एक्स गुणसूत्रावर आहेत. मुलग्याला एक्स आईकडून मिळतो, मुलीला एक आईकडून आणि एक बापाकडून. म्हणजे आजारी बापाचे मुलगे मोकळे सुटतात, मुली मात्र सगळ्या वाहक होतात. वाहक बाईच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. इंग्रजीत हे समजावायला मोठा तक्ता काढतात. मराठीत दोन शब्द पुरतात: मामा, भाचा. आपल्या भाषेत आईच्या भावाला वेगळं नाव आहे, बापाच्या भावाला वेगळं, आणि या आजाराला नेमका तोच फरक कळतो. काकाला असेल तर पुतण्याने सहसा घाबरायचं कारण नाही. मामाला असेल तर आईची तपासणी करायलाच हवी.

माझ्या मामाला होता. त्याला कुणी हिमोफिलिया म्हटलं नाही. वेळापूरजवळच्या वस्तीवर घर, साल १९८० च्या आसपास, पोराचा दुधाचा दात पडला आणि रक्त थांबेना. हळद दाबली, तुरटी झाली, चहाची पावडर झाली. तिसऱ्या दिवशी एसटीने अकलूजला नेलं, तिथून पुढे न्यायचं ठरेपर्यंत तो गेला. नऊ वर्षांचा होता. आधी कुणी म्हणालं करणी, मग कुणी म्हणालं देवाचं राहिलंय, आणि शेवटी सगळ्यांना सोयीचं उत्तर सापडलं: आजी पांढऱ्या पायाची. पुढे अठरा वर्षांनी मी रांगायला लागलो, गुडघ्यांवर निळे-काळे डाग यायला लागले, तेव्हा आधी माझ्या आईला विचारलं गेलं की पोराला मारतेस का. निदान झाल्यावर वाक्य बदललं: 'आईकडून आलंय.' शास्त्राप्रमाणे वाक्य बरोबर आहे. पण ते ज्या सुरात म्हणतात तो सूर मला चांगला ओळखता येतो.

म्हणून १९९३ हे साल मला फार महत्त्वाचं वाटतं. फॅक्टर आठचं जनुक १९८४ मध्येच हाती आलं होतं, पण तीव्र आजार असलेल्या जवळपास निम्म्या लोकांमध्ये बिघाड काही सापडत नव्हता. सगळी अक्षरं जागेवर दिसायची. १९९३ मध्ये कळलं की जनुकाचा एक मोठा तुकडाच उलटा बसलेला असतो. कोड सगळा आहे, पण अर्धी फाईल उलट्या दिशेने चिकटवलेली. याला इंट्रॉन २२ चं इन्व्हर्जन म्हणतात. पुढच्याच वर्षी शोध लागला की ही उलटापालट जवळजवळ नेहमी पुरुषाच्या शुक्राणूत होते. कारण बाईकडे दोन एक्स असतात, ते एकमेकांना धरून बसतात. पुरुषाकडे एकच, तो स्वतःवरच दुमडू शकतो.

म्हणजे आजार आईकडून मुलाकडे येतो हे खरं, पण मूळ बिघाड बहुतेकदा झालेला असतो त्या आईच्या बापात, किंवा आणखी वर कुठल्यातरी पुरुषात. तो स्वतः ठणठणीत असतो. माझ्या रिपोर्टवर हेच इन्व्हर्जन आहे. आजीचे भाऊ सगळे धडधाकट होते, वयस्क होऊन गेले. म्हणजे बहुधा माझे पणजोबा. त्यांना कुणी कसल्याही पायाचं म्हटलं नाही. मलाही म्हणायचं नाहीये, शुक्राणूतल्या गोष्टीवर कुणाचा ताबा असतो? पण मग आजीचाही नव्हता. आणि जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या घरात तर आधी कुणालाच आजार नसतो, बदल नव्यानेच झालेला असतो.

बायकांना काही होत नाही, त्या फक्त वाहक, हा समजही फार टिकला. १९२६ मध्ये फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रँड यांनी आलांड बेटांवरच्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं, त्यात योर्डिस नावाची छोटी मुलगी होती. हा हिमोफिलिया नव्हता, आज त्या आजाराला त्या डॉक्टरांचंच नाव आहे, आणि तो मुलामुलींना सारखाच होतो. योर्डिस तेराव्या वर्षी तिच्या चौथ्या मासिक पाळीत रक्त जाऊन वारली. हिमोफिलियाच्या वाहक बायकांमध्येही फॅक्टरची पातळी कमी असू शकते. पाळीला दहा-दहा दिवस रक्त, बाळंतपणानंतर न थांबणारं रक्त. माझ्या आईने हे आयुष्यभर 'बायकांचं असतंच' म्हणून काढलं. अशा बायकांना नुसतं वाहक न म्हणता हिमोफिलियाच्या रुग्ण म्हणायचं, हे जागतिक तज्ज्ञांनी ठरवलं २०२१ मध्ये. दोन हजार एकवीस, मंडळी.

उपचारांचा इतिहास थोडा वेगाने सांगतो. मुळात औषध म्हणजे दुसऱ्याचं रक्त. १९४७ मध्ये ब्युनोस आयरिसमध्ये पावलोव्स्की यांना दिसलं की दोन रुग्णांचं रक्त एकत्र केलं तर दोघांचंही गोठतं, म्हणजे आजार एक नाही, दोन आहेत. दुसऱ्या प्रकाराला १९५२ मध्ये नाव मिळालं 'ख्रिसमस डिसीज', ते सणावरून नाही, स्टीफन ख्रिसमस नावाच्या पाच वर्षांच्या मुलावरून. १९६४ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या ज्युडिथ पूल यांच्या लक्षात आलं की गोठवलेला प्लाझ्मा हळूहळू वितळवला की तळाशी जो साका उरतो, त्यातच फॅक्टर आठ भरपूर असतो. हेच क्रायो. साध्या रक्तपेढीत बनवता येतं. भारतातल्या दोन पिढ्या या साक्यावर जगल्या. त्यानंतर हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून पावडर आली, सोयीची होती, आणि तिच्यातूनच ऐंशीच्या दशकात एचआयव्ही आला. स्टीफन ख्रिसमस १९९३ मध्ये एड्सने गेला, रक्तातूनच लागण झाली होती.

आपल्याकडे तेव्हा रक्त विकत मिळायचं. पैशांसाठी रक्त देणारे लोक होते, विनापरवाना पेढ्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. माझा जन्म या काळातला. मी वाचलो त्यात माझं कर्तृत्व शून्य, तारीख बरी होती इतकंच.

आणि एक नाव घ्यायलाच हवं, अशोक बहादूर वर्मा. स्वतः रुग्ण. १९८३ मध्ये त्यांनी दिल्लीत हिमोफिलिया फेडरेशन सुरू केलं, कारण फॅक्टर देशात बनत नव्हता आणि एकट्या माणसाला परदेशातून मागवणं परवडणं शक्य नव्हतं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत शाखा झाल्या. त्या रुग्णांनी आणि त्यांच्या आयांनीच चालवल्या. निदानाची बाजू मुंबईत केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या संस्थेने सांभाळली. १९५७ मध्ये रक्तगटांच्या केंद्रापासून सुरू झालेली ही संस्था, तिथे वाहक ओळखण्याची आणि गर्भातल्या तपासणीचीही सोय झाली.

पण औषध असणं आणि गावात असणं यात अंतर असतं. स्वीडनमधल्या माल्मोत १९५८ पासून मुलांना रक्तस्राव होण्याआधीच नियमित फॅक्टर द्यायला सुरुवात झाली होती. फॅक्टर आठ शरीरात साधारण बारा तासांत निम्मा होतो, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा टोचावं लागतं. मला लहानपणी मिळायचा तो सांधा सुजल्यानंतर, तोही वेळापूरपासून शंभर किलोमीटरच्या पुढे गेल्यावर. एकदा एका मोठ्या रुग्णालयात बापूंना, म्हणजे वडिलांना, सांगितलं की साठा संपलाय, सोमवारी या. दिवस शुक्रवार होता. माझा उजवा गुडघा आज पूर्ण वाकत नाही, त्यात असे बरेच शुक्रवार आहेत.

वेळापूरकरांना धावा माहिती आहेच. माउलींची पालखी गावात येते तेव्हा वारकरी उतारावरून पळत सुटतात, तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावले अशी श्रद्धा. वर्गातली पोरं दरवर्षी त्यांच्यासोबत पळायची. मी आईसोबत कडेला. एकदा एका म्हाताऱ्या वारकरी बाईने विचारलं, लेकरू का पळत नाही? आईने सांगितलं, रक्ताचं दुखणं आहे. त्या म्हणाल्या, माझ्या भावाला होतं तसं, आणि पुढे निघून गेल्या. आईला तो भाऊ अजून आठवतो, न पाहिलेला.

आता काळ बदललाय. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने हिमोफिलियाला यादीत घेतलं, शिक्षणात त्याचा उपयोग होतो, नोकरीतल्या आरक्षणाच्या कलमात मात्र रक्ताचे आजार नाहीत. एमिसिझुमॅब नावाचं इंजेक्शन आलंय, ते फॅक्टर आठ नाहीच, त्याच्या जागी उभं राहून साखळीतल्या दोन कड्या जोडतं, आणि शिरेत नाही तर कातडीखाली घ्यायचं. किंमत भारी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. आलोक श्रीवास्तव यांच्या गटाने पाच रुग्णांच्या स्वतःच्याच मूळपेशींत फॅक्टर आठचं जनुक घालून परत दिलं, त्यांचे रक्तस्राव थांबले. डिसेंबर २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पाच रुग्ण. देशात एक लाखाच्या वर असावेत असा अंदाज आहे, आणि नोंद त्यातल्या थोड्यांचीच.

बाकीचे कुठे आहेत? माझ्या मामासारखे, कागदावर नसलेले. आमच्या भागात हेळवी येतात, पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ चोपडीतून वाचून दाखवतात. मी गेल्या वर्षी मुद्दाम बसून ऐकली. बाप, आजा, पणजा, सगळे पुरुष ओळीने. मुली लग्न होऊन गेल्या की चोपडीतून गेल्या. हा आजार नेमका त्याच वाटेने जातो, त्यामुळे कुठल्याच वंशावळीत सापडत नाही. आणि मामाची मुलगी करायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. मामा रुग्ण असेल तर त्याची मुलगी वाहक असणारच. भाचाही रुग्ण असला आणि दोघांचं लग्न झालं, तर मुलींनाही निम्मी शक्यता. हे सोयरीक ठरवताना कुणीतरी बोलायला हवं.

मी दुसरी वंशावळ काढायला घेतलीये, बायकांची. आजी, तिच्या बहिणी, त्यांच्या मुली. आजीची एक बहीण माळशिरसला दिली होती, एक सांगोल्याकडे. माळशिरसच्या मावशीने फोनवर सांगितलं की तिच्या एका भावाला लहानपणी 'गुडघी' होती, सारखा सुजायचा, मग एकदा झाडावरून पडला. सांगोल्याकडच्यांचा पत्ता अजून लागलेला नाही. माझ्या बहिणीची तपासणी झाली, ती वाहक आहे, आणि तिच्या फॅक्टरची पातळी पस्तीस टक्के निघाली. तिच्या कपाटात आता तो कागद आहे, दाताच्या डॉक्टरकडेही ती तो घेऊन जाते.