रस्ता कोणाचा? – इंग्लंडातील सायकल-मंडळांची कथा

१८७६ सालच्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या उत्तरेस, सेंट ऑल्बन्सच्या वाटेवर, एक चमत्कारिक प्रकार घडला. घोड्यांची एक उतारूगाडी रस्त्याने चालली होती. तिच्या बाजूने सायकलवर बसलेला एक मनुष्य पुढे जाऊ लागला. गाडीवानाला हा आपला उपमर्द वाटला. त्याने सायकलस्वारावर चाबूक ओढला. आणि गाडीच्या रखवालदाराने दोरीला बांधलेला लोखंडी गोळा फेकून त्या बिचाऱ्याला यंत्रासकट धुळीत लोळविले. पुढे न्यायासनासमोर खटला झाला आणि अपराध्यांना दंड भरावा लागला. परंतु सार्वजनिक रस्ता कोणाचा, हा जो प्रश्न त्या दिवशी उपस्थित झाला, त्याचा निकाल काही त्या दंडाने लागला नाही. तो पुढे शंभर वर्षे निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला. आणि तो सोडविण्याची खटपट ज्यांनी केली, ती मंडळी मूळची सुटीच्या दिवशी सहलीला निघणारी हौशी माणसे होती.

रॅले, हर्क्युलिस वगैरे ज्या विलायती सायकली पुढे पुण्या-मुंबईच्या घरोघर आल्या, त्यांच्याशी त्या काळच्या सायकलीचे फारसे साम्य नव्हते. पुढचे चाक पुरुषभर उंच, मागचे अगदी लहान, आणि स्वाराचे आसन त्या उंच चाकाच्या माथ्यावर. वाटेत खड्डा अगर धोंडा आला की स्वार डोक्यावरून पुढे फेकला जाई. आणि खड्ड्यांना तोटा नव्हता. आगगाडी सुरू झाल्यापासून लांबच्या प्रवासाची वाहतूक लोखंडी मार्गावर गेली होती. पथकर घेऊन सडका राखणाऱ्या जुन्या संस्था एकामागून एक बंद पडत होत्या. रस्त्याच्या कडेच्या खानावळी ओस पडल्या होत्या. गावोगावच्या लोकांना आपल्या शेतापासून बाजारापर्यंतची वाट चालली म्हणजे पुरे होते. अशा उजाड सडकांवर सायकलस्वार उतरला, आणि त्या पुन्हा जिवंत करण्याची गरज प्रथम त्यालाच भासली.

१८७८ च्या ऑगस्टच्या ५ तारखेस यॉर्कशायरमधील हॅरोगेट या गावी सायकलस्वारांचा मेळा भरला असता, स्टॅन्ली कॉटरेल नावाच्या तरुणाच्या पुढाकाराने ‘बायसिकल टूरिंग क्लब’ ही संस्था स्थापन झाली. तीन चाकी यंत्रे वापरणाऱ्यांनाही तीत स्थान असावे म्हणून १८८३ साली तिचे नाव ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ असे ठेवण्यात आले. संस्थेचा हेतू शर्यती लावण्याचा नव्हता. चार समानशील माणसांनी एकत्र निघावे, गावे पाहावी, वाटेत चहा घ्यावा आणि दिवेलागणीला घरी परतावे, एवढाच तिचा मूळ संकल्प होता. त्या काळी गावोगावी अशी लहान लहान मंडळे निघाली. प्रत्येकाचा एक नायक असे, गणवेश असे, आणि पुष्कळदा शिंग फुंकून थांबण्या-निघण्याचा इशारा देणारा शिंगाड्याही असे. लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट येथे भरणाऱ्या वार्षिक मेळ्यास १८८० नंतरच्या वर्षांत दोन-दोन हजार स्वार जमत.

या सहली वरवर पाहता करमणुकीच्या; पण त्यांतून एक निराळेच ज्ञान जमू लागले. रस्त्याची खरी परीक्षा आगगाडीतून जाणाऱ्या कारभाऱ्याला होत नाही. ती ज्याच्या हाडांना धक्के बसतात त्याला होते. अमुक टेकडीचा उतार भयंकर आहे, तमुक पुलापाशी फरशी उखडली आहे, एका खानावळीत सायकलस्वाराला कोणी विचारीत नाही तर दुसरीत उत्तम सोय होते, असल्या बातम्या सभासद मंडळाला कळवू लागले. मंडळाने नगरोनगरी आपले प्रतिनिधी नेमले. खानावळवाल्यांशी दराचे करार केले, आणि पंख लावलेल्या चाकाचे आपले चिन्ह त्यांच्या दारांवर झळकविले. धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर सूचनेच्या पाट्या लावल्या. मोटारगाडी जन्मास येण्यापूर्वीच या पाट्या इंग्लंडच्या सडकांवर उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या वर्गणीदारांच्या पैशातून उभारलेल्या होत्या.

रस्त्यावरचा हक्क मात्र पाटी लावून मिळण्यासारखा नव्हता. १८७९ साली ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या खटल्यात न्यायाधीशांनी सायकल ही कायद्याच्या दृष्टीने गाडीच होय, असा निर्णय दिला. हा निर्णय बेफाम वेगाने सायकल हाकणाऱ्याला शिक्षा करता यावी म्हणून दिलेला होता. परंतु शिक्षेसाठी जी गाडी ठरली, तिला गाडीचे अधिकार का नसावेत, असा सरळ युक्तिवाद त्यातून निघाला. त्या सुमारास प्रत्येक प्रांताला सायकलींसाठी आपापले नियम करण्याची मुभा होती. एका हद्दीत जे चाले ते दुसऱ्या हद्दीत गुन्हा ठरे. मंडळांनी कायदेमंडळातील सभासदांकडे खेटे घातले, अर्ज केले, आणि अखेर १८८८ च्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्यात एक कलम घालून घेतले. त्या कलमाने सायकल सर्वत्र गाडी ठरली आणि हद्दीहद्दींचे निराळे नियम रद्द झाले. त्याच्या मोबदल्यात रात्री दिवा लावणे आणि दुसऱ्याला मागे टाकताना इशारा देणे ही कर्तव्ये स्वारांनी पत्करली. तेव्हापासून सायकलस्वार हा रस्त्याचा पाहुणा राहिला नाही.

हक्क मिळाला तरी खड्डे होतेच. म्हणून १८८६ मध्येच सायकलस्वारांच्या दोन प्रमुख संस्थांनी मिळून रस्ते सुधारण्यासाठी एक स्वतंत्र संघ काढला होता. खडी किती बारीक फोडावी, पाण्याचा निचरा कसा व्हावा, अशा विषयांवरील पुस्तिका छापून तो संघ त्या रस्त्यांच्या कारभाऱ्यांकडे पाठवी. दोन वर्षांनी डनलॉपच्या हवेच्या धावा निघाल्या. त्यापूर्वीच, १८८५ साली, कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली होती. बसायला निर्भय आणि चालवायला हलके असे वाहन मिळताच बायकाही मोठ्या संख्येने बाहेर पडल्या.

त्या बायकांच्या बाजूने मंडळाला एकदा कोर्टाची पायरी चढावी लागली. १८९८ साली सरे प्रांतातील ऑकम गावच्या एका खानावळीत लेडी हार्बर्टन सायकलवरून आल्या. त्यांचा पोशाख घोळदार झग्याऐवजी ढगळ चोळण्याचा होता. मालकिणीने त्यांना मुख्य भोजनाच्या दालनात बसू देण्यास नकार दिला आणि दारू पिणाऱ्या पुरुषांच्या खोलीजवळची जागा दाखविली. मंडळाने फिर्याद केली. १८९९ च्या एप्रिलमध्ये पंचांनी मालकिणीला निर्दोष ठरविले आणि मंडळ हरले. तरीही एका सभासद स्त्रीच्या बाजूने संस्था न्यायमंदिरात उभी राहिली, ही गोष्ट देशभर गाजली. त्याच वर्षी मंडळाची सभासदसंख्या ६०,००० च्या वर गेली होती.

यानंतरचा भाग मात्र दैवदुर्विलासाचा आहे. चांगल्या रस्त्यांसाठी झटणाऱ्या संघाची सूत्रे विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम रीस जेफ्रीज या मोठ्या कर्तबगार सायकलस्वाराकडे आली. पुढे हेच गृहस्थ मोटारवाल्यांच्या संघटनेचे चिटणीस झाले, आणि १९१० साली सरकारी रस्ते-मंडळाचेही. धुळीच्या सडकांवर डांबर चढले, रुंदी वाढली, वळणे निघाली. सायकलस्वारांनी मागितलेला गुळगुळीत रस्ता अखेर तयार झाला. परंतु त्यावर वेगाने जाणारे वाहन दुसरेच होते. १९३४ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली.

त्याच वर्षी १४ डिसेंबरला वाहतूकमंत्री होअर-बेलिशा यांनी लंडनच्या पश्चिमेकडील ‘वेस्टर्न अव्हेन्यू’ या हमरस्त्याच्या कडेने अडीच मैलांचा खास सायकलींचा पट्टा खुला केला. त्याची रुंदी ८ फूट ६ इंच होती. मंत्र्यांना वाटले, सायकलवाले आनंदतील. मंडळाने उलट विरोधच केला. पट्टा अरुंद होता आणि प्रत्येक आडरस्त्याशी तुटत होता, हे तर खरेच. पण विरोधाचे मूळ निराळे होते. आज खास पट्टा दिला म्हणजे उद्या मुख्य रस्त्यावर येण्याची बंदी होईल, १८८८ साली मोठ्या कष्टाने मिळविलेला हक्क हातचा जाईल, ही ती धास्ती होती. ती निराधार नव्हती. १९३९ साली उमरावांच्या सभेच्या एका समितीने, जेथे पट्टे असतील तेथे सायकलस्वारांवर त्यांची सक्ती करावी, अशी शिफारस केलीच. महायुद्ध सुरू झाले आणि ते प्रकरण मागे पडले.

मंडळाचे तेव्हा चुकले काय, यावर अद्याप वाद चालतो. हक्क राखला गेला, पण हक्क बजावणारे कमी होत गेले. १९४९ साली ब्रिटनमध्ये सायकलींनी मिळून सुमारे २४ अब्ज किलोमीटरचे अंतर कापले होते. १९७३ साली ते ४ अब्जांच्याही खाली आले. कायद्याने मोकळा असलेला रस्ता भीतीने बंद झाला होता. जो आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्या रस्त्यावर जाऊ धजत नाही, त्याला १८८८ च्या कलमाचा उपयोग तो काय?

या प्रश्नाला एक उत्तर पश्चिम इंग्लंडातील ब्रिस्टल शहरातून आले. तेथे १९७७ च्या जुलैमध्ये काही सायकलप्रेमी नागरिकांनी ‘सायकलबॅग’ नावाचे एक छोटे मंडळ काढले. स्थापत्य-विशारद जॉन ग्रिमशॉ हे त्यांतले प्रमुख. ब्रिस्टलहून बाथ शहराकडे जाणारा एक जुना लोहमार्ग उतारूंसाठी १९६६ साली बंद झाला होता. पुढे त्याचे रूळही उखडले गेले. उरली ती खडी, झुडपे, एव्हन नदीवरचे पूल आणि एक अंधारा बोगदा. ज्या आगगाडीने पूर्वी सडका ओसाड पाडल्या, तिचीच ओसाड वाट आता सायकलीच्या उपयोगी पडणार होती. मंडळाने अर्ज-विनंत्या केल्याच; पण १९७९ च्या उन्हाळ्यात सभासद व स्वयंसेवक फावडी घेऊन स्वतः त्या वाटेवर उतरले आणि बाथच्या बाजूने मैलामागून मैल साफ करू लागले. पुढे बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून मजूर मिळाले, आणि १९८६ पर्यंत १३ मैलांचा सलग मार्ग दोन शहरांमध्ये तयार झाला. याच मंडळातून निघालेल्या ‘सस्ट्रान्स’ संस्थेला १९९५ साली राष्ट्रीय सोडतीच्या निधीतून मोठे साहाय्य मिळाले, व २००० साली सुमारे ५,००० मैलांचे देशव्यापी जाळे खुले झाले. त्यातील पुष्कळ भाग साध्या रस्त्यांवरूनच जातो, हेही सांगितले पाहिजे.

ब्रिस्टलच्या त्या वाटेला १९३४ च्या पट्ट्याप्रमाणे कोणी नाक मुरडले नाही. तो पट्टा वरून दिलेला होता आणि त्यामागे हक्क काढून घेण्याचा वास येत होता. ही वाट मागणाऱ्यांनीच खणली होती, आणि तिच्यापायी मुख्य रस्त्यावरचा कोणाचाही हक्क गेला नव्हता. तिच्यावर म्हातारे चालतात, मुले सायकल शिकतात, नोकरदार कचेरीस जातात. २००८ च्या आरंभी तिच्यावरून जलद बसगाड्या नेण्याची एक योजना पुढे आली. तेव्हा हीच माणसे हजारोंनी विरोधाला उभी राहिली आणि योजना गुंडाळून ठेवावी लागली.

सेंट ऑल्बन्सच्या वाटेवर एकटा सायकलस्वार धुळीत पडला होता. ब्रिस्टलला अख्खे नगर वाटेच्या बाजूने उभे राहिले. या दोन प्रसंगांच्या मध्ये कायदे आहेत, खटले आहेत, चुकाही आहेत. पण या साऱ्याला धरून ठेवणारा धागा म्हणजे रविवारची ती साधी सहल होय. एकत्र निघणाऱ्यांना एकमेकांची ओळख होते, आणि पायाखालच्या वाटेची त्याहूनही अधिक. रस्ता ज्याच्या नावावर लिहिला असेल त्याचा असो. त्याची राखण मात्र त्यावरून रोज जाणाऱ्यांनाच करावी लागते.